राज्यसंस्था विरते म्हणजे नेमके काय होते?

ताळेबंद

नमस्कार. महाविद्यालयात असताना आमच्या गावी दर रविवारी एक अभ्यासवर्ग भरत असे. तेथे ऐकलेले एक वाक्य गेली चाळीस वर्षे माझी पाठ सोडत नाही. ड्युरिंग या जर्मन लेखकाच्या मतांचे खंडन करताना मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८७८ साली लिहिले की राज्यसंस्था रद्द केली जात नाही, ती विरून जाते, आणि माणसांवरील शासनाची जागा वस्तूंचे व्यवस्थापन घेते. मूळ जर्मन क्रियापद फांदी वाळून जावी तशा अर्थाचे आहे. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी 'विरणे' हा शब्द वापरला होता आणि मला तो अजूनही फार आवडतो, कारण आपल्याकडे ढगही विरतो आणि लुगडेही विरते. ढग आपल्या आपण विरतो. लुगडे मात्र रोज नेसून, धुऊन, पिळून विरते. पेटीत घडी घालून ठेवलेले तसेच करकरीत राहते.

माझा प्रश्न असा आहे की समाजवादी राज्य कधी काळी अनावश्यक व्हायचे असेल, तर ते ढगासारखे होईल की लुगड्यासारखे? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. राज्याची कामे असंख्य हातांनी रोज वापरली, हाताळली, तपासली, तरच त्याचे वेगळेपण झिजेल असे मला वाटते.

लेनिनने १९१७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अज्ञातवासात असताना 'राज्यसंस्था आणि क्रांती' लिहिले. त्यात तो म्हणतो की हिशेब आणि देखरेख ही कामे आता इतकी सोपी झाली आहेत की लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही, अंकगणिताच्या चार क्रिया आणि पावती फाडणे एवढ्या भांडवलावर, ती करता येतील. मी सत्तावीस वर्षे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले आहे. जमाखर्च कोणालाही शिकवता येतो हे मला मान्य आहे. मात्र वार्षिक सभेत उठून "ही रक्कम कशाची?" असे विचारायला अंकगणित पुरत नाही. विचारणाऱ्याचे पोट उत्तर देणाऱ्याच्या हाती नसावे लागते.

राज्याचे एखादे काम खरोखर लोकांच्या हाती गेले आणि पुन्हा राज्याकडे परत आले नाही, अशी उदाहरणे या मंचावरील सभासदांनी सांगावीत अशी विनंती आहे.

लालतारा

धागा महत्त्वाचा आहे, परंतु त्यातून काळाचा क्रम सुटला आहे असे मला वाटते. मार्क्सने १८७५ साली गोथा कार्यक्रमावरील, म्हणजे जर्मन कामगार पक्षाच्या कार्यक्रमावरील, टिपणात साम्यवादी समाजाच्या दोन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत माणसाला त्याच्या श्रमाच्या प्रमाणात मिळते, म्हणजे मोजमाप आले, आणि मोजमापावर देखरेख करणारी यंत्रणाही आली. गरजेप्रमाणे मिळण्याइतकी विपुलता येईपर्यंत ही यंत्रणा संपू शकत नाही. रशियातील क्रांतिकारकांना हे विसर्जन मनापासून हवे होते, याचा पुरावा जुलै १९१८च्या संविधानातच आहे. त्याच्या नवव्या कलमात ज्या समाजवादाचे ध्येय ठेवले आहे, त्यात वर्गभेदही नसतील आणि राज्यसत्ताही नसेल असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याच समाप्तीचे ध्येय कलमात लिहून ठेवणारे दुसरे राज्य मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या सातव्या अधिवेशनात बुखारिन या नेत्याने राज्यविरहित समाजाचे चित्र कार्यक्रमात घालण्याची सूचना केली, तेव्हा लेनिनने तिला विरोध केला, कारण राज्य विरण्याची घोषणा करायला अजून फार अवकाश होता. त्यानंतर यादवी युद्ध, परकी फौजा आणि दुष्काळ आले. वेढलेल्या एका गरीब देशात राज्य विरले नाही, म्हणून सिद्धान्तच खोटा, असे म्हणता येत नाही.

मुक्तविचारी

लालतारा यांचा वेढ्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, पण तो कोठवर नेला गेला हेही पाहावे लागते. १९३०च्या सोळाव्या अधिवेशनात स्टालिनने सांगितले की आम्ही राज्य विरण्याच्या बाजूचे आहोत आणि त्याच वेळी ते अधिकाधिक बळकट करण्याच्याही बाजूचे आहोत, आणि यात विसंगती असली तरी ती जीवनाचीच विसंगती आहे. १९३९च्या मार्चमध्ये अठराव्या अधिवेशनात तो आणखी पुढे गेला आणि भांडवली वेढा शिल्लक असेल तर साम्यवादातही राज्य राहील असे म्हणाला. दरम्यान पाशुकानिस हा कायदेपंडित १९३७ साली मारला गेला होता. कायदा हा मुळात देवाणघेवाणीच्या समाजाचे अपत्य आहे आणि त्या समाजाबरोबर तोही विरेल, असे तो १९२४ पासून मांडत आला होता.

वेढा उठला की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्याकडेच असेल, तर वेढा कधीच उठत नाही.

ताळेबंद

दोघांचेही आभार. पगाराचा एक लहानसा मुद्दा जोडते, कारण माझ्या मते तेथेच पहिला टाका उसवला. पॅरिस कम्यूनने, म्हणजे पॅरिसच्या बंडखोर कामगारांनी चालवलेल्या नगरसत्तेने, एप्रिल १८७१ मध्ये अधिकाऱ्यांच्या पगाराची कमाल मर्यादा वर्षाला ६,००० फ्रँक ठरवली. कामगाराच्या मिळकतीजवळचा पगार आणि हवे तेव्हा परत बोलावता येणारा प्रतिनिधी, या दोन गोष्टींना मार्क्सने फार महत्त्व दिले. रशियात १९१७च्या अखेरीस लोक-कमिसारांना, म्हणजे मंत्र्यांना, महिन्याला ५०० रूबल आणि प्रत्येक मुलामागे १०० रूबल ठरले. एप्रिल १९१८ पर्यंत तज्ज्ञांना भरघोस पगार देणे भाग पडले, आणि हे कम्यूनच्या तत्त्वापासून मागे हटणे आहे अशी कबुली लेनिनने उघडपणे दिली. ती कबुली मला मोलाची वाटते. पुढच्यांनी मागे हटणेही पुढे जाणे म्हणून सांगितले.

शंकासुर

स्टालिननंतर ख्रुश्चेव्हच्या काळात राज्याची कामे लोकांकडे देण्याचे असे काही प्रयोग झाले होते ना? कोणी सविस्तर सांगेल का?

जुनी_कात्रणे

शंकासुर, झाले होते, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही याचे मला वाईट वाटते. आमच्या घरी सोव्हिएत मासिके येत असत. त्यांच्या गुळगुळीत पानांची आम्ही वह्यांना कव्हरे घालत असू, आणि वडील त्यांतील लेख कापून ठेवत. माझे सभासदनाम तेथूनच आले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये बाविसाव्या अधिवेशनाने नवा कार्यक्रम मंजूर केला. श्रमिकांची हुकूमशाही संपून आता 'सर्व जनतेचे राज्य' आले आहे आणि १९८० पर्यंत साम्यवादाची उभारणी मुख्यत्वे पूर्ण होईल, असे त्यात होते. त्याच्या थोडे आधीपासून कामे हस्तांतरित होऊ लागली होती. किरकोळ गुन्हे आणि शेजाऱ्यांची भांडणे कारखान्यातील किंवा इमारतीतील 'सहकाऱ्यांच्या न्यायालयां'पुढे जाऊ लागली. १९५९ पासून हाताला लाल पट्टी बांधलेली स्वयंसेवकांची पथके रस्त्यांवर गस्त घालू लागली. त्याच वर्षी क्रीडा खाते बरखास्त करून त्याचे काम क्रीडासंस्थांच्या संघाकडे दिले गेले आणि राज्य विरण्याचे उदाहरण म्हणून ते दाखवले गेले. १९६८ साली क्रीडा खाते पुन्हा स्थापन झाले.

याहून जुने उदाहरण १९३३चे आहे. श्रम खाते रद्द झाले आणि त्याचा सामाजिक विमा कामगार संघटनांकडे सोपवण्यात आला. कागदावर हे राज्य विरणेच होते. प्रत्यक्षात संघटना इतकी राज्यमय झाली होती की कामगाराला खाते बदलल्याचे जाणवण्याचे कारण नव्हते. काम राज्याबाहेर गेले, की राज्यच संघटनेत शिरले, हा प्रश्न प्रत्येक उदाहरणाला विचारावा लागतो.

त्या देशात एक विनोद सर्वांना ठाऊक होता. साम्यवाद आल्यावर गुप्त पोलीस असतील का, असे कोणी विचारले, तर उत्तर येई : नाही, तोवर लोक स्वतःला स्वतःच अटक करायला शिकलेले असतील. हा विनोद आठवला की मला हसू येते, पण त्यातली भीती खरी आहे. पोलीस नाहीसा होऊन शेजारीच पोलीस झाला, तर त्याला मुक्ती म्हणता येईल का?

निळी_पहाट

जुनी_कात्रणे यांच्या शेवटच्या वाक्यापाशीच मला थांबायचे आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच विषय दोन प्रश्नांत धरला आहे : राज्य कधी विरेल, आणि ते विरल्यावर त्याच्या जागी काय येईल? त्यांच्या मते दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. जागी काहीच येणार नसेल आणि अराजकच माजणार असेल, तर साम्यवादी राज्य उभारण्याचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. बळाचा आधार काढून घेतल्यावर ती व्यवस्था टिकवून धरू शकेल असे त्यांना एकच काही दिसते, ते म्हणजे धम्म. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेतही ते बुद्ध आणि मार्क्स यांच्याबद्दलच बोलले. भिक्षुसंघात खासगी मालमत्ता जवळजवळ नाहीच आणि ती तशी ठेवायला हुकूमशाही लागली नाही, हे त्यांचे उदाहरण होते.

लालतारा

बाबासाहेबांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. लेनिनचे उत्तर 'सवय' असे आहे. शोषण संपले की माणसे सहजीवनाचे साधे, शतकानुशतके माहीत असलेले नियम बळाशिवाय पाळू लागतील, असे तो म्हणतो. रस्त्यात दोघे हाणामारी करू लागले किंवा एखाद्या स्त्रीवर हात टाकला गेला, तर आजही सुसंस्कृत माणसांचा जमाव मध्ये पडतो आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही, असे उदाहरण त्याने दिले आहे. धम्म म्हणा वा सवय म्हणा, मला यात फार अंतर दिसत नाही.

निळी_पहाट

लालतारा, अंतर आहे, आणि ते 'जमाव' या शब्दात आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर काय झाले ते आठवा. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले या सभासदांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे राज्याचा कागद आमच्या बाजूने होता. लोक पाणी प्याले, आणि मग गावातला जमाव मध्ये पडला. तो कोणाला सोडवायला पडला नव्हता. परतणाऱ्या माणसांना त्याने झोडपले आणि नंतर तळे 'शुद्ध' करून घेतले. तो जमावही सवयीनेच वागत होता, शतकानुशतकांच्या सवयीने. पुढे दिवाणी दावा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला.

माझी आजी वाचू शकत नव्हती, पण 'कोर्ट' हा शब्द ती आदराने उच्चारत असे. गाव एका बाजूला आणि आपण एका बाजूला असताना गावाबाहेरची कोणती तरी सत्ता आपले ऐकून घेते, हा अनुभव तिच्या पिढीला प्रथमच येत होता. म्हणून मला राज्य विरण्याचे वचन ऐकले की पहिल्यांदा दिलासा वाटत नाही, धास्ती वाटते. राज्याच्या आधीही सत्ता होती. ती गावाची होती, जातीची होती, घरातल्या पुरुषाची होती. वरचा थर विरला आणि खालचा तसाच राहिला, तर उघडे पडणार आम्हीच. राज्य विरावे असे मलाही वाटते. मात्र त्याच्याआधी या जुन्या सत्ता विरलेल्या मला पाहायच्या आहेत, आणि हा क्रम कोणी उलटा लावू नये.

ताळेबंद

निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या प्रश्नात ही बाजू नव्हती, ती असायला हवी होती. माझ्या लुगड्याच्या उपमेत लुगडे कोण नेसते आणि ते धुण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे मी विचारलेच नव्हते.

दूरदेशी

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. युगोस्लाव्हियाचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटले, कारण राज्य विरवण्याचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत प्रामाणिक प्रयत्न मला तोच वाटतो. १९४८ साली तेथील नेता टिटो याच्या पक्षाला कॉमिनफॉर्ममधून, म्हणजे रशियाच्या प्रभावाखालच्या साम्यवादी पक्षांच्या संघटनेतून, काढून टाकले गेले. आपण रशियापेक्षा वेगळे कसे, याचे उत्तर शोधताना टिटोचे सहकारी कार्देल्य, जिलास आणि किद्रिच मार्क्सच्या कम्यूनविषयक लेखनाकडे परत गेले. जून १९५०च्या कायद्याने कारखान्यांचे व्यवस्थापन कामगार परिषदांकडे आले. परिषदेत १५ ते १२० निवडून दिलेले कामगार असत, आणि तिसांहून कमी माणसे असलेल्या ठिकाणी सगळेच कामगार म्हणजे परिषद. १९५२ साली पक्षाने स्वतःचे नावही बदलून 'साम्यवादी संघ' केले, कारण पुढे हुकूम द्यायचा नसून मार्ग दाखवायचा, अशी भूमिका होती.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात स्लोव्हेनियातून आलेले एक वयस्क फिटर होते. १९६८ साली दोन्ही देशांत कामगारभरतीचा करार झाला, त्यानंतर ते जर्मनीत आले. त्याआधी मारिबोरच्या एका कारखान्यात ते परिषदेचे सदस्य होते. मी त्यांना विचारले की तेथे खरोखर तुमचे चालत होते का. ते म्हणाले, कारखान्याची घरे कोणाला द्यायची यावर आम्ही रात्री अकरापर्यंत भांडत असू. कोणाला किती मुले, कोणाची आई आजारी, हे सर्वांना माहीत असे आणि यादी शेवटी बहुधा न्याय्य होत असे. नवे यंत्र घ्यायचे असले की संचालक तक्ते घेऊन येत, आम्हाला ते कळत नसत, आणि दहा मिनिटांत हात वर होत. मग थोडे थांबून ते म्हणाले की जर्मनीत पगार दुप्पट-तिप्पट मिळाला, पण येथे घरांच्या यादीवर भांडायलाही आपल्याला कोणी बोलावले नाही, याची त्यांना अनेक वर्षे चुटपुट होती.

ताळेबंद यांच्या 'अंकगणित पुरत नाही' या वाक्यावर मला ते फिटर आठवले. प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. तक्ता वाचायला त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मुक्तविचारी

दूरदेशी यांनी फार चांगले लिहिले आहे. त्यात मला एवढीच भर घालायची आहे की युगोस्लाव्हियात राज्य विरले नाही, ते फाटले.

जानेवारी १९५८ मध्ये स्लोव्हेनियातील त्र्बोव्ल्येच्या खाणकामगारांनी संप केला. कारखाने कामगारांचेच असतील, तर संप कोणाविरुद्ध, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला. त्याच्या चार वर्षे आधी, १९५४च्या जानेवारीत, जिलासला केंद्रीय समितीतून काढले होते. पक्षाचीही मक्तेदारी विरली पाहिजे असे त्याने जाहीरपणे लिहिले होते, हा त्याचा अपराध. कारखान्यात परिषद होती, गावात परिषद होती, फक्त पक्षावर कोणतीही परिषद नव्हती. ताळेबंद यांच्या भाषेत बोलायचे तर बाकी सगळी वस्त्रे वापरात काढली आणि एकच पेटीत ठेवले.

मग केंद्राचे अधिकार खाली सोडताना ते कामगाराच्या हाती न पडता मधल्या पायरीवर, म्हणजे सहा प्रजासत्ताकांच्या आणि दोन प्रांतांच्या पक्षनेतृत्वाकडे साचले. १९७४च्या संविधानात ४०६ कलमे होती आणि १९७६च्या संयुक्त श्रमाच्या कायद्यात ६७१. राज्य विरवण्यासाठी लिहिलेला कायदा समजून घ्यायला वकील लागू लागला. १९८० साली टिटो गेला, सुमारे २० अब्ज डॉलरचे परकी कर्ज डोक्यावर होते, आणि ते कोणी फेडायचे यावर प्रत्येक प्रजासत्ताकाचे राज्य दुसऱ्याच्या राज्यासमोर उभे राहिले. पुढे देश फुटून युद्धांत जे झाले ते दूरदेशींच्या आसपास राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी भोगले आहे.

लालतारा

मुक्तविचारी, या वेळी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र बाजाराचा उल्लेख तुम्ही टाळलात. १९६५च्या सुधारणेनंतर कारखाने एकमेकांचे स्पर्धक झाले, श्रीमंत कारखान्याचा कामगार आणि गरीब कारखान्याचा कामगार यांच्या पगारांत अंतर पडले, आणि बेकारी इतकी वाढली की लाखो माणसे परदेशी गेली. ते फिटर गेले, ते त्याच लाटेत. परिषद आपल्या कारखान्यापुरती शहाणी होती. सर्वांचे मिळून शहाणपण कोठे घडवायचे, याची जागाच रिकामी राहिली, आणि रिकामी जागा राज्यांनी भरली.

संगणकवाला

'सर्वांचे मिळून शहाणपण' यावरून चिलीची आठवण झाली. समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने १९७१ ते १९७३ या काळात स्टॅफर्ड बीअर या ब्रिटिश तज्ज्ञाच्या मदतीने राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सने, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या यंत्रांनी, जोडले होते. कारखान्याने रोजचे आकडे पाठवावेत, आपली अडचण आधी आपण सोडवावी आणि ठरावीक काळात ती सुटली नाही तरच वर कळवावे, अशी ती रचना होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये मालवाहतूकदारांनी संप केला, तेव्हा याच जाळ्यावरून उरलेल्या थोड्या मालमोटारी कोठे पाठवायच्या ते ठरवले गेले आणि सरकार टिकले. ११ सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावाने सारे संपवले. वस्तूंचे व्यवस्थापन माणसांवरील शासनापासून वेगळे काढण्याचा इतका नेटका प्रयत्न मला दुसरा दिसत नाही.

शंकासुर

पण त्या उठावापुढे टेलेक्सचा काय उपयोग झाला? बंदुकीचा प्रश्न एंगेल्सपासून येथपर्यंत तसाच आहे.

कोरडवाहू

गेले आठ दिवस हा धागा वाचतो आहे. पुस्तकी चर्चेत बोलावे की नाही असे वाटत होते, पण ताळेबंद यांनी मागितलेले उदाहरण माझ्या रोजच्या जगण्यातले आहे, म्हणून लिहितो. हे समाजवादी राज्य नाही याची मला जाणीव आहे. वस्तूंचे व्यवस्थापन मात्र नक्की आहे.

आमची शेती कालव्याखाली आहे. पूर्वी पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या खात्याच्या माणसाची, वाट पाहायची आणि त्याची मर्जी सांभाळायची. शेपटाकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पाणी पोचलेच तर ते रात्री दोनला. शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था झाली आणि २००५च्या कायद्याने तिला आधार मिळाला. आता धरणातून किती पाणी सुटणार ते खाते ठरवते. चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाच्या, तोंडाशी ते मोजून आमच्या ताब्यात मिळते आणि त्यापुढे पाटबंधारे खात्याचा माणूस येत नाही. पाळीची यादी आम्ही लावतो, पट्टी आम्ही गोळा करतो, चारीतले गवत आम्ही काढतो. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांची माणसे आहेत. भरणे शेपटाकडून सुरू करायचे, असे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवले. ते पटवायला एक अख्खा उन्हाळा गेला.

आमच्या पाटकऱ्याची जागा ते निवृत्त झाल्यावर भरली गेली नाही. ती भरा, अशी मागणीही आमच्यापैकी कोणी केली नाही. एक काम विरले असे मी म्हणेन.

निळी_पहाट

कोरडवाहू, मनापासून आभार. दोन प्रश्न विचारते, राग मानू नका. ज्यांना शेतच नाही, त्यांचे तुमच्या संस्थेत काय स्थान आहे? आणि सभेला बायका येतात का?

कोरडवाहू

राग कसला, प्रश्न बरोबर आहे. लाभक्षेत्रात जमीन असेल तोच सभासद, असा नियम आहे. गवत काढायला येणारी मजुरांची घरे सभासद नाहीत. बायकांच्या नावावर जमीन थोड्या घरांत आहे, आणि सभेला त्यांतल्या निम्म्याही येत नाहीत. दुसरी वाट असू शकते हे मला माहीत आहे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणशी होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. आमच्याकडे हे मांडून पाहिले, तेव्हा सभा उठून गेली.

ताळेबंद

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथे सर्वांत जवळ आलेले दिसते, म्हणून आणखी एक विचारते. तुमच्या संस्थेचे काम कधी राज्याकडे परत गेले का? आणि गेले असेल, तर ते कोणी नेले?

कोरडवाहू

एकदा गेले. दुष्काळाच्या वर्षी धरणातून एकच आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची एकच पाळी, मिळणार होते आणि वरच्या गावांनी रात्री कालव्याची दारे उचलायला सुरुवात केली. पहिल्या रात्री आमची मुले पहाऱ्याला गेली, दुसऱ्या रात्री काठ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही विशेष सभा घेतली आणि कालव्यावर पोलीस बंदोबस्त मिळावा असा ठराव एकमताने केला. त्या सभेला बायकाही आल्या होत्या, आणि सर्वांत ठामपणे त्याच बोलल्या, कारण पहाऱ्याला त्यांची मुले होती. बंदोबस्त मिळाला आणि पाणी शेपटापर्यंत पोचले. आमच्याकडून कोणी काही हिसकावून नेले नाही, आम्हीच देऊन आलो.

पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर वरच्या गावांच्या संस्थांबरोबर एक बैठक झाली. टंचाईच्या वर्षी दारांच्या चाव्या कोणाकडे असाव्यात एवढा एकच विषय होता. प्रत्येक दाराला दोन कुलपे लावायची, एक चावी वरच्या गावाकडे आणि एक खालच्या गावाकडे ठेवायची, असे ठरले. त्यानंतर अजून तसा दुष्काळ पडलेला नाही.